मेंदूला कुठं रंग असतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मेंदूवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते म्हटलं, की प्रश्न ठरलेला: ‘मेंदूला कुठं रंग असतो? मग प्रयोगाला येणाऱ्याचा वंश कशाला लिहून घेता?’

नसतोच. मीही तो रकाना नाइलाजानेच भरायचे. डोळे उघडले ते ईईजीच्या, म्हणजे डोक्यावरून मेंदूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या, टोपीने.

टोपी चढवली, की एकेका इलेक्ट्रोडच्या भोकातून जेल सोडायचं, बोथट सुईने केस बाजूला सारायचे नि स्क्रीनवरचा लाल ठिपका हिरवा होईपर्यंत, म्हणजे संपर्क नीट जुळेपर्यंत, टाळू घासत बसायचं. केस सरळ, विरळ असले तर काम पटकन उरकतं. एकदा डोक्याला चिकटून घट्ट वेण्या घातलेली एक कृष्णवर्णीय मुलगी आली. टोपी वेण्यांवर तरंगत राहिली. तासाभराने ३२ पैकी ११ ठिपके लालच. ‘सॉरी,’ असं तीच म्हणाली. टोपी आमची आणि सॉरी तिचं! शोधनिबंधात तिची बोळवण एका ओळीत झाली: ‘तांत्रिक कारणामुळे १ सहभागी वगळला.’

वंशाचा रकाना छापला, की अशी गळती निदान दिसते तरी. वय नि लिंग बहुतेक जण इमानेइतबारे छापतात. वंशाच्या बाबतीत मात्र बऱ्याच निबंधांत अळीमिळी गुपचिळी.

आणि हे केसांपुरतंच नाही. मेंदूतल्या जागा सांगायला जगभर वर्षानुवर्षं वापरलेला १९८८ चा तालेराक अ‍ॅटलस साठीच्या एका फ्रेंच बाईच्या मेंदूवरून काढलेला. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीच्या साठ्यातल्या सुमारे ५ लाख सहभागींत गोरे ९० टक्क्यांहून जास्त. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या माहितीवर झालेल्या एका अभ्यासात, एफएमआरआयवरून, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनवरून, वर्तनाचा अंदाज बांधणारी मॉडेल्स आफ्रिकी-अमेरिकनांच्या बाबतीत गोऱ्यांपेक्षा जास्त चुकताना दिसली. फक्त आफ्रिकी-अमेरिकनांच्या स्कॅनवर शिकवूनही फरक पुरता मिटला नाही. यावरून ‘बघा, मेंदूच वेगळे’ असं कुणी म्हणालं, की माझं डोकं फिरतं. मला तरी संशय आमच्या चाचण्यांचाच येतो.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अर्नेल एटिएन या विद्यार्थिनीने वेण्यांच्या मधल्या भांगांत बसणारे इलेक्ट्रोड केले. वेण्याच त्यांना जागेवर धरून ठेवतात. आमच्याकडे अजून जुनीच टोपी आहे. फक्त ‘तांत्रिक कारण’ लिहायची वेळ आली, की ते कोणतं, हेही मी आता लिहिते.