व्हिक्टोरिया मेमोरियलच्या भिंतींवरचे साम्राज्य

कोलकात्यात व्हिक्टोरिया मेमोरियलच्या संगमरवरी घुमटापुढे फोटो काढून बहुतेक जण बागेत वळतात. मी आत गेलो तो डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांच्या चित्रांसाठी. थॉमस आणि विल्यम डॅनियल 1786 मध्ये या शहरात उतरले आणि पुढची काही वर्षे कॅमेरा ऑब्स्क्युरा (समोरचे दृश्य कागदावर पाडून गिरवू देणारी पेटी) बरोबर घेऊन गढवालपासून म्हैसूरपर्यंत हिंडले. 1793 मध्ये ते मुंबईलाही आले होते आणि सवाई माधवरावांचे चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सबरोबर त्यांनी घारापुरी व कान्हेरीची लेणी पाहिली.

त्यांच्या चित्रांसमोर उभे राहिले की हेवा वाटावा असे रेखाटन दिसते, पण त्यातली शांतता हळूहळू खटकू लागते. नदीचा घाट, पडका घुमट, त्यावर रुजलेले झाड, कोपऱ्यात दोन-चार बारकी माणसे आणि वर निवळलेले आभाळ. वास्तविक त्यांचा दक्षिणेतला प्रवास टिपूविरुद्धचे तिसरे युद्ध संपताच, गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसच्या फौजेने तुडवलेल्या मुलखातून झाला होता, आणि त्याचा खर्च निघाला तो चित्रांच्या सोडतीतून. ज्या साहेबलोकांनी सोडतीची तिकिटे घ्यायची, त्यांना जिंकलेला किल्ला दिवाणखान्यात देखणाच हवा असणार, हे उघड आहे.

याउलट रशियन चित्रकार वसिली व्हेरेश्चागिनचे भिंतभर तैलचित्र गजबजलेले आहे. 1876 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सची मिरवणूक जयपुरात निघाली, तो हा प्रसंग. युवराजापेक्षा माझी नजर अडली ती नक्षीने रंगवलेल्या सोंडांवर, जड झुलींवर आणि हत्तींच्या बाजूने पायी चालणाऱ्या नोकरांवर; इतक्या थाटात युवराज किरकोळच वाटतो. इंग्रजांच्या पैशावर न जगणाऱ्या या माणसाला हिंदुस्थान त्यांच्या हाती कसा गेला याची चित्रमालिकाच रंगवायची होती. पुढे त्याने शिपायांना तोफेच्या तोंडी देणारे चित्रही काढले. त्यातले इंग्रज सैनिक 1857 च्या नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या काळातल्या गणवेशात उभे आहेत. ते मूळ चित्र आज बेपत्ता आहे. मिरवणुकीचे चित्र मात्र जयपूरच्या महाराजांनी भेट दिले, आणि म्हणून ते राणीच्या स्मारकात मानाने टांगलेले आहे.