जो पाहील, तो दाखवील

आमच्या साताऱ्यातल्या शाळेत सहल आणि गॅदरिंग एकमेकांना बांधलेली होती. दिवाळीची सुट्टी संपायची, सहामाहीचे पेपर हातात पडून घरोघरी व्हायचं ते रामायण होऊन जायचं आणि मग एका दुपारी भूगोलाचे सर नोटीस घेऊन वर्गात यायचे. सहल कुठे, कधी, वर्गणी किती, संमतीपत्रावर वडिलांची सही कधीपर्यंत आणायची, सगळं एका दमात वाचून झालं की शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "जो पाहील, तो दाखवील." म्हणजे जो वर्ग सहलीला जाईल त्यानं तिथली एक गोष्ट जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात करून दाखवायची. तक्ता रंगवून भिंतीवर लावला तर सर तो बघायचेही नाहीत. पाणी वाहिलं पाहिजे, चाक फिरलं पाहिजे, निदान माणूस तरी उभा राहून काहीतरी करत असला पाहिजे.

सहल बहुतेक वेळा एका दिवसाची आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. तेव्हा आम्हाला त्याचा राग यायचा. दुसऱ्या शाळांची पोरं कोकणात जाऊन समुद्र बघून यायची आणि आम्ही आपले लिंब, वाई, औंध, चाफळ. सरांचं गणित मला फार उशिरा कळलं. मुक्कामाची सहल म्हटली की वर्गातल्या निम्म्या मुलींची नावं घरूनच कटायची. सकाळी सहाला निघून रात्री आठच्या आत पोवई नाक्यावर परत, असं सांगितलं की आजीसुद्धा नाही म्हणायची नाही. शाळेच्या सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, त्यामुळे वर्गणीही बेताची. तरीही काहींना जमायची नाही. पण सहलीच्या दिवशी त्यांची नावं यादीत असायची. ती कशी आली, हे कुणी विचारत नसे.

पहाटेच्या एसटीचं वर्णन मी करत बसत नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गाण्याच्या भेंड्यांत 'ठ' आला की होणारी भांडणं आणि खिडकीची जागा पटकावून घाट लागल्यावर लिंबू हुंगत बसणारी ती एक मुलगी, हे ज्यानं त्यानं आपल्या शाळेतलं आठवून घ्यावं. डबे सारखेच, घाटही सारखेच.

लिंबची बारामोटेची विहीर मात्र सांगायलाच हवी. पुणे रस्त्यानं साताऱ्याहून निघालं की जेमतेम अर्ध्या तासात लिंब फाटा येतो. विहीर म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर रहाट आणि बादली. तिथे जाऊन बघतो तर जिन्यानं खाली उतरायचं, कमानीतून आत शिरायचं आणि आत चक्क महाल. भिंतींवर दगडात कोरलेले हत्ती, शरभ. थोरल्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ही विहीर 1719 ते 1724 या काळात बांधून घेतली. अष्टकोनी मुख्य विहीर, व्यास सुमारे 50 फूट, खोली सुमारे 110 फूट. वरच्या अंगाला मोटा, म्हणजे बैलांनी ओढून पाणी उपसायच्या चामडी पिशव्या, लावायच्या जागा आहेत, त्या पंधरा, असं तिथे सांगतात. मग नाव बारामोटेची का, यावर आमच्यात परतीच्या वाटेवर एसटीत जी खडाजंगी झाली ती साताऱ्यापर्यंत पुरली. पाणी आजूबाजूच्या आमराईला जायचं, हे कळल्यावर एकानं विचारलं, "सर, म्हणजे एवढं सगळं आंब्यासाठी?" सर म्हणाले, "तुझी आई तुला रोज हाका मारते ते कशासाठी? जेवायलाच ना?" उत्तर कुणाला कळलं नाही, पण सगळे हसले.

दुपारी कृष्णाकाठी, लिंब-गोवे या गावांच्या घाटावर पंगत बसली आणि तिथेच ठरलं की यंदा आपण मोट करायची. आमच्यापैकी कुणीही चालती मोट पाहिलेली नव्हती. विहिरींवर इंजिनं आणि विजेचे पंप येऊन आमच्या बापाची उमर झाली होती.

पुढचा महिनाभर शाळा सुटल्यावर आम्ही चौघी-पाचजणी प्रयोगशाळेच्या मागच्या पडवीत. फुटबॉलचं फाटकं ब्लॅडर कापून मोट केली, तोंडाला लोखंडी कडी शिवली. खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा जोडून सोंड. वरच्या चाकाला दोऱ्याचं रिकामं रीळ, खालच्या कण्याला माझ्या भातुकलीतलं लाटणं. कुणाच्या तरी फळीवर बेंदराचे मातीचे बैल शिल्लक होते, ते आले. मोटेला दोन दोर लागतात, एवढं आम्हाला वाचून माहीत होतं: तोंडाला बांधायचा जाड नाडा आणि सोंडेला बांधायचा बारीक सोंदूर. दोन्ही बांधले, पिंपात मोट बुडवली, ओढली. वर येईपर्यंत निम्मं पाणी गळून गेलेलं. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. आम्हाला वाटलं शिवण उसवली. शिवण मेण लावून पक्की केली तरी गळती चालूच.

आमच्या शाळेचे शिपाई, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणायची, ते झाडू घेऊन पडवीत आले नि नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आगं पोरींनू, शिवण काय बघतायसा? सोंदूर ढिला हाय. सोंडंचं त्वांड मोटंच्या त्वांडाबरोबर वर ऱ्हायला पायजे. खाली लोंबलं की पानी जानारच की."

ते झाडू ठेवून खाली बसले. सोंदूर सोडला, बोटानं माप घेतलं, चार बोटं आखूड करून पुन्हा बांधला. आता मोट वर येताना सोंड दुमडून तोंडाच्या उंचीला राहू लागली, थेंबही गळेना. मोट वरच्या रिळाशी पोचली की सोंदूर लाटण्यावरून सोंडेला पुढे ओढून घ्यायचा, सोंड आडवी व्हायची आणि सगळं पाणी धो धो करत थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या टाक्यात. मोट ओतायला वर माणूस लागतच नाही! बैल धावेवरून उतारानं खाली गेले की मोट भरून वर, बैल मागे सरत आले की मोट पुन्हा पाण्यात. दोन दोरांच्या लांबीतला फरक, एवढीच काय ती युक्ती. आम्ही विहीर पाहून आलो होतो, तिच्या काठच्या जागा मोजून आलो होतो, वहीत आकडे होते. मोट मला कळली ती मामांच्या त्या चार बोटांनी.

गॅदरिंगच्या दिवशी सरांनी आम्हाला बाजूला करून मामांनाच मोटेपाशी उभं केलं. नवीन सदरा घालून आले होते. आमच्या पाठ केलेल्या माहितीला विचारतो कोण! खेड्यांतून आलेले आजोबा लोक तिथून हलेनात. एकमेकांच्या विहिरी निघाल्या, बैलांची नावं निघाली, कुणाची मोट किती वेळात थारोळं भरायची यावर पैजा लागल्या. एकानं तर मोटेवरचं गाणं धरलं आणि तिकडे स्टेजवर ईशस्तवन चालू असल्यामुळे मुख्याध्यापकांना येऊन "जरा हळू" म्हणावं लागलं.

कोयनेची सहल त्याच्या पुढची की मागची, यावर आमच्यात अजून एकमत नाही. ती लांबची, पाटणमार्गे. बसमध्ये सरांनी 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाचं सांगितलं आणि बस एकदम गप्प झाली, कारण जवळजवळ प्रत्येकाच्या घरी त्या पहाटेची एक गोष्ट होती. माझी आजी रांगतं पोर काखेत मारून अंगणात धावली होती आणि बाहेर आल्यावर बघते तर काखेत उशी, ही आमच्या घरची. धरण बघताना सरांनी उंची सांगितली, 103 मीटर, पण त्यांना खरं दाखवायचं होतं ते पलीकडचं. नदी पूर्वेला कराडकडे जाणारी, कृष्णेला मिळणारी. तिचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला न्यायचं, सह्याद्रीच्या कड्याची उंची वापरून पोफळीकडे खाली सोडायचं आणि वीज करायची. म्हणजे घाटावरचं पाणी शेवटी वाशिष्ठीतून अरबी समुद्रात.

मुलांनी याचं मॉडेल केलं. डोंगर मातीचा, बोगदा सलाइनच्या नळीचा, खाली सायकलचा डायनॅमो आणि छोटा बल्ब. पाणी पडायचं, पाती फिरायची, बल्ब काही पेटायचा नाही. एवढ्याशा धारेनं डायनॅमो कुठला फिरतोय! गॅदरिंगला मात्र बल्ब लख्ख पेटला. प्रमुख पाहुण्यांनी पाठ थोपटली, बक्षीस जाहीर झालं. रात्री फिशपाँडच्या डब्यातून चिठ्ठी निघाली: "पाणी गेलं कोकणात, वीज राहिली सेलात!" डोंगराच्या आत दोन सेल लपवले होते, हे सगळ्या शाळेला एकाच क्षणी कळलं. सरही खो खो हसले, पण दुसऱ्या दिवशी त्या चौघांना बोलावून किती उंचीवरून किती पाणी पडलं तर बल्ब पेटेल, याचं गणित सोडवून आणायला लावलं. त्यातला एक आज वीज कंपनीत अभियंता आहे आणि तो ही गोष्ट स्वतःच सगळीकडे सांगत फिरतो.

औंधला चित्रकलेच्या बाई बरोबर होत्या. यमाईचा डोंगर धापा टाकत चढून झाल्यावर श्री भवानी संग्रहालय. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी 1938 साली हे उभं केलं. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आहे. आडबाजूच्या एवढ्याशा गावात हे सगळं! बाईंनी प्रत्येकाला एकच वस्तू निवडून तिच्यासमोर बसायला लावलं. मी मूरच्या शिल्पासमोर बसले, कारण तिथे गर्दी नव्हती. नाक-डोळे धड नाहीत, काढायचं काय? तासाभरानं मला त्यात माझी मावशी तिच्या तान्ह्याला घेऊन बसलेली दिसायला लागली. चित्र प्रदर्शनात लागलं, आणि वडिलांनी ते उलटं टांगलंय का, असं बाईंना विचारलं. हेच बाळासाहेब सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, म्हणून त्या वर्षी गॅदरिंगची सुरुवात सामुदायिक सूर्यनमस्कारांनी. पाहुणे वेळेवर न आल्यामुळे ते वाढतच गेले आणि पुढे लेझीमच्या पोरांच्या पायात जीव उरला नाही.

बाकी गॅदरिंग चारचौघांसारखंच. दरवर्षी एक कोळीगीत, समुद्र न पाहिलेल्या मुलींनी केलेलं. मिशी ऐन संवादात गळून पडलेला शिवाजी. माइकची कुईं. हे मी उगाच मोठं करून सांगणार नाही. आमच्यातही सिनेमाची गाणी होती आणि टाळ्या त्यांनाच जास्त पडायच्या.

आता भाचा त्याच शाळेत आहे. सहल वॉटर पार्कला जाते. पोरं मजा करून येतात, त्यात वाईट काही नाही. पाण्यात डुंबायला आम्हालाही आवडलं असतं. फक्त वॉटर पार्क पाहून जानेवारीत करून काय दाखवणार, हा प्रश्न राहतो. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "आत्या, घसरगुंडी."

आमच्या बॅचचा स्नेहमेळावा यंदा ठरतोय. महाबळेश्वरचं रिसॉर्ट की पाचगणी, यावर ग्रुपवर रोज रात्री अकरापर्यंत हाणामारी चालते. कोयनेवाल्या अभियंत्यानं परवा मध्येच लिंबचं नाव टाकलं. त्याला आतापर्यंत सात मतं आहेत, माझं धरून. रिसॉर्टवाले म्हणतात तिथे जेवायची सोय काय? सोय काय व्हायचीय, तिखटमिठाच्या पुऱ्या मी करते म्हटलंय. चटणी कुणीतरी आणा.