पहिलं पाऊल मागे

न्यू जर्सीत एप्रिल उजाडला, की आमच्यासारख्या बापांची शनिवारची झोप लिटल लीगच्या खात्यात जमा होते. पोरांचं बेसबॉल आणि शिकवायला त्यांचेच आईबाप. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, तो कोच होतो. माझ्या वाट्याला आउटफिल्ड, म्हणजे बॅटरपासून लांबच्या भागातलं क्षेत्ररक्षण आलं, कारण क्रिकेट खेळलेल्या माणसाला कॅच शिकवता येणारच, असा बाकीच्यांचा हिशेब.

हिशेब अर्धाच बरोबर होता. आपण उघड्या हातांनी चेंडू घेऊन छातीशी ओढणारे. इथे उजव्या पोराच्या डाव्या हातात त्याच्या तोंडाएवढा चामडी ग्लोव्ह, तोही नवाकोरा आणि कडक. चेंडू आत येतो, ग्लोव्ह मिटायच्या आत बाहेर पडतो. म्हणून दुसरा हात झाकणासारखा लगेच वर आणायचा. शिवाय भीती असतेच. बेसबॉल साधारण 142 ते 149 ग्रॅमचा, सीझन बॉलपेक्षा थोडा हलका. पण नाकावर बसला की हा फरक कुणाला कळत नाही. मी सुरुवातीला ग्लोव्ह काढून ठेवायला लावतो आणि टेनिस बॉल देतो. डोळे मिटायची सवय तिथेच सुटते.

उंच चेंडू उडाला की सगळी पोरं आधी पुढे धावतात. झाडून सगळी. चेंडू समोर दिसतोय म्हणजे पुढे जायचं, एवढं सरळ. तेवढ्यात तो डोक्यावरून मागे जाऊन कुंपणाला लागलेला असतो. म्हणून आउटफिल्डचा पहिला धडा: पहिलं पाऊल मागे. चेंडू ज्या बाजूला, त्या बाजूचा पाय मागे टाकायचा, कंबर वळवायची आणि पळायचं. चूक झाली तर पुढे येणं सोपं असतं. पाठमोरं न होता उलटं सरकत जाणारं पोर मात्र हमखास बसकण मारतं.

पण चेंडू पडणार कुठे, हे कळतं कसं? सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने 1968 साली यावर एक देखणं उत्तर दिलं. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर चेंडू नजरेत एकसारख्या गतीने वर चढत राहणं म्हणजे तुम्ही योग्य जागी आहात. चढण्याची गती वाढत गेली तर तो डोक्यावरून जाणार, मंदावली तर पुढ्यात पडणार. म्हणजे जागा आधी हेरून तिथे जाऊन उभं राहायचं नसतं, पळता पळता चेंडू नजरेत सांभाळायचा असतो. हे वाचल्यापासून पोरांना रांगेत उभं करून थेट अंगावर चेंडू उडवणाऱ्या कोचांचा मला राग येतो. अगदी सरळ अंगावर येणारा चेंडूच ओळखायला सगळ्यात अवघड! जरा डावी-उजवीकडे टाका, पळू द्या की.

बाजूच्या घडीच्या खुर्च्यांवर आजोबा मंडळींचा वेगळाच सामना रंगतो. अमेरिकन आजोबा 1954च्या वर्ल्ड सीरिजमधला, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेतला, विली मेजचा कॅच काढतात, आमचे काका 1983चा लॉर्ड्सवरचा कपिल. दोघंही मागे धावत गेले होते, हे मी पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो.

बहुतेक बॅटर उजवे, फटके जास्त डावीकडे. म्हणून राइट फिल्डला, म्हणजे बॅटरच्या उजवीकडच्या आउटफिल्डला, कच्चा लिंबू उभा करायची इथे रीतच आहे. मला ती पटत नाही. चेंडूच न आलेलं पोर दुसरं काय करणार? आमचा कच्चा लिंबू ग्लोव्ह डोक्यावर घालून पिवळी डँडेलियनची फुलं खुडतो.

सगळ्यात कठीण गोष्ट मात्र हातापायांची नाहीच, तोंडाची आहे. चेंडू आपला असेल तर 'आय गॉट इट' असं बोंबलून सांगायचं आणि मधला, म्हणजे सेंटर फिल्डर ओरडला तर बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. गाडीत मागच्या सीटवर एकमेकांचे कान फोडणारी हीच पोरं इथे लग्नातल्या पाहुण्यांसारखी आधी तुम्ही, आधी तुम्ही करत थबकतात. चेंडू बरोबर मधोमध पडतो. दोघं चेंडूकडे बघतात, मग एकमेकांकडे, मग माझ्याकडे. तोवर बॅटर तिसऱ्या बेसवर पोचून पँटची माती झटकत असतो.