पाळी जायच्या वयातली झोप: लवकर आडवं होऊ नका

पाळी जायच्या वयात झोप बिघडली की घरातून पहिला सल्ला येतो, "जरा लवकर आडवी होत जा." गणित चुकतं ते इथेच. साडेनऊला पडायचं, अकरापर्यंत कूस बदलायची, अडीचला घामाने जाग, पाचनंतर डोळ्याला डोळा नाही आणि साडेसहाला आंबलेल्या अंगाने उठायचं. अंथरुणात नऊ तास, झोप जेमतेम साडेपाच. असे काही महिने गेले की अंथरुणाला पाठ टेकली की जागं राहायचं, हीच सवय मेंदूला लागते. मग घाम थांबला तरी जाग थांबत नाही.

घामाचं कारण हार्मोनचं. इस्ट्रोजेन खाली येऊ लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र उतावीळ होतं. अंग किंचित तापलं तरी ते घाम फोडून मोकळं होतं. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात गुंगी आणणारा एक घटक बनतो, तोही घटतो. म्हणून एकदा जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही.

आधी अंथरूण. जाड फोमची गादी उष्णता धरून ठेवते, त्यावर सुती पातळ गादी किंवा दुपदरी सुती चादर घाला. सॅटिन-नायलॉनचा गाऊन नको, मलमलचा सैल हवा. दोघांत एक पांघरूण असेल तर वेगळं करा, यावरून रुसवे-फुगवे झाले तरी चालतील. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम. मुंबई-कोकणात तो दमटपणाच वाढवतो आणि घाम सुकत नाही. तिथे पंख्याचा थेट झोत किंवा २४ अंशांवर एसी आणि सोबत मंद पंखा.

आता वेळेचं गणित. दोन आठवडे रोज सकाळी अंदाजाने लिहा: कधी पडलात, साधारण किती झोपलात, कधी उठलात. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, ते भिंतीकडे फिरवून ठेवा. सरासरी झोप साडेपाच तास निघाली, तर अंथरुणात सहाच तास घालवायचे. उठायची वेळ पक्की धरा. साडेपाचला पाणी येतं, डबे करायचे असतात, तर साडेपाच, रविवारीही तीच. म्हणजे पडायचं रात्री साडेअकराला. आठवडाभरात या सहा तासांतले निदान ८५ टक्के, म्हणजे सुमारे पाच तास सहा मिनिटं, झोपेत जाऊ लागले की पुढचा आठवडा पंधरा मिनिटं आधी पडा. असंच पुढे वाढवत जा. झोप कितीही कमी भरली तरी अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली न्यायचा नाही. फिट्स किंवा बायपोलरचा आजार असेल, किंवा कामच गाडी चालवण्याचं असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पहिला आठवडा जड जातो. बहुतेकींचं बिनसतं ते रात्री साडेनऊला, मालिका बघताना सोफ्यावर लागलेल्या डुलकीने. तेवढ्या वीस मिनिटांत दिवसभर साठलेली झोपेची भूक भागते आणि साडेअकराला टक्क जाग. त्या वेळी उभ्याने करायचं काम काढा: इस्त्री, भाजी निवडणं, काहीही. दुपारी अगदीच राहवलं नाही तर तीनच्या आत, वीस मिनिटं, गजर लावून.

रात्री घाम फुटला तर मोठा दिवा लावू नका. उशाशी कोरडा गाऊन, टॉवेल आणि पाणी असू द्या. कपडे बदला, ओल्या चादरीवर टॉवेल पसरा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा आणि पापण्या जड झाल्यावरच परत या. मोबाइल मात्र चार्जिंगलाच.

दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. रात्री पेलाभर दूध म्हणजे दोनला लघवीसाठी उठणं. घ्यायचंच तर अर्धी वाटी, तेही झोपायच्या दोन तास आधी. जायफळ चिमूटभरच. जास्त उगाळलं तर धडधड आणि भ्रमही होऊ शकतो.

सगळं करूनही फरक नसेल तर कारण दुसरं असू शकतं. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत रक्तस्राव जास्त झाला असेल तर लोह कमी होतं आणि रात्री पायांत वळवळ सुटते; हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासा. घोरणं, सकाळी डोकं दुखणं असेल तर स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडखळण्याचा आजार, असू शकतो. पाळी गेल्यावर त्याचं प्रमाण वाढतं, पण बाईच्या घोरण्याची गोष्ट घरात कुणी डॉक्टरांपर्यंत नेत नाही. वारंवार लघवीला योनीमार्गाचा कोरडेपणा कारण असेल, तर तिथे लावायचं इस्ट्रोजेन क्रीम उपयोगी पडतं. घामच अनावर असेल तर हार्मोनच्या गोळ्यांचा किंवा पॅचचा विचार साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांत करावा. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर डॉक्टर दुसरा मार्ग सुचवतील.

शेजारणीची अल्प्राझोलामची, म्हणजे गुंगी आणणारी गोळी मात्र घेऊ नका. आधीपासून रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा.