भट्टी कोणी पेटवली?

गुरुवारी रात्री अकराला एका ज्यू बेकरीतून भट्टी दुरुस्तीचा कॉल आला. आमच्या ऑफिसातली मुलगी प्रत्येक कॉलवर 'अर्जंट' लिहिते, पिझ्झावाल्याच्या भट्टीतला दिवा गेला तरी. पण ब्रुकलिनमधलं मिडवुड, गुरुवारची रात्र आणि डिसेंबर हे तिन्ही जुळून आले की मी चहाही अर्धा टाकून निघतो.

डिसेंबरात न्यूयॉर्कला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत. त्याच्या मेणबत्त्या शुक्रवारी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लागतात. म्हणजे ज्यू बेकरी शुक्रवारी दुपारीच बंद, आणि त्याआधी अख्ख्या वस्तीच्या टेबलावर खला पोचली पाहिजे, घरटी दोन. खला म्हणजे अंडी आणि तेल घातलेल्या कणकेची वेणी घालून भाजलेला पाव. लोणी-दूध अजिबात नाही, कारण तो मटणाच्या जेवणाबरोबरही खायचा असतो. 'ख' घशातून काढायचा. मला पंधरा वर्षांत नीट जमलेला नाही.

या बेकरीत जुनी फिरती भट्टी आहे. आत जत्रेतल्या पाळण्यासारखी लोखंडी फळ्यांची चाकं, खाली गॅसचा बर्नर. एका बाजूने कच्चा माल चढवायचा, पाळणा फिरत राहतो. हल्ली सगळे ट्रॉली आत ढकलायच्या उभ्या भट्ट्या घेतात. त्या चकाचक दिसतात, पण बोर्ड गेला की आठवडाभर पार्टची वाट पाहा. ही म्हातारी पान्याने आणि फुंकरीने दुरुस्त होते. या कामाचा मला जरा माज आहे, तो खपवून घ्या.

तर बर्नर पेटत होता आणि चार सेकंदांत विझत होता. लाल दिवा, लॉकआउट. ज्योतीत एक सळई असते, फ्लेम रॉड. ज्योतीतून तिच्यात अगदी क्षीण करंट येतो आणि त्यावरून कंट्रोलरला कळतं की आग खरंच लागली आहे. करंट आला नाही तर तो गॅस तोडतो, आणि तोडलाच पाहिजे. मीटरवर जेमतेम 0.4 मायक्रोअँप. सळईवर मैद्याची आणि तेलाच्या वाफेची काजळी, तिच्या चिनीमातीच्या आवरणाला केसाएवढी चीर. वर आधी येऊन गेलेल्या कुणा महाभागाने तापमानाच्या सेफ्टी स्विचला वायर जोडून तो बायपास केलेला. असल्या माणसाला स्वतःच्या घरातल्या गॅसजवळ तरी मी उभं करणार नाही. आधी ती वायर काढली.

नवी सळई सोमवारशिवाय मिळणार नव्हती. बारीक स्टील वूलने घासली, अर्थिंगचा गंजलेला स्क्रू बदलला, चीर खालच्या बाजूला येईल अशी सळई फिरवून बसवली. अडीच वाजता बटण दाबलं. पंख्याने आधी आतली हवा बाहेर काढली, ठिणगी, निळी ज्योत. 1.7 मायक्रोअँप. धरून राहिली.

मालक दोन तास पाठ टेकायला घरी गेले होते. मागच्या बाजूला मी आणि रात्रपाळीचा कारागीर, दोघंच. तो मेक्सिकोतल्या प्वेब्लाचा, इथे अकरा वर्षं. मला त्याचं स्पॅनिश येत नाही, त्याला माझं इंग्रजी. भट्टी तापू लागली तसं त्याने दारातून विचारलं, "रेडी?" मी अंगठा वर केला. मला म्हणायचं होतं, बर्नर चालतोय. मी परत मीटरमध्ये डोकं घातलं. थोड्या वेळाने वर पाहिलं तर आठ ट्रे रोल पाळण्यावर चढलेले, आणि तो माझ्याकडे बघून हसतोय.

इथे बाहेरच्यांना न कळणारी गोष्ट सांगतो. अशा बेकरीत पाव ज्यू माणसाने पेटवलेल्या आगीवर भाजलेला असावा लागतो. मळा कुणीही, वळा कुणीही, आग त्यांची. मालक शनिवारी रात्री शब्बाथ संपला की भट्टी पेटवतात, ती पुढच्या शुक्रवारपर्यंत विझत नाही. मला हे माहीत होतं. इतकी वर्षं दुरुस्ती झाली की बटण दाबायला मी मालकांनाच बोलावत आलो आहे. त्या रात्री मी 'टेस्टिंग' म्हणून पेटवली आणि विझवायचं विसरलो. नाही, विसरलो नाही. विझवली तर ती सळई परत पकडेल याची मला खात्री नव्हती.

चार वाजता देखरेखवाले आले, बेकरीत सगळं ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे होतंय ना हे पाहणारे. त्यांना माशगियाख म्हणतात. माणूस पस्तिशीचा, काळी टोपी, हातात कॉफी. माझा डबा ते आत येऊ देत नाहीत, तो व्हॅनमध्येच असतो. बाहेरचं अन्न आत चालत नाही. त्यांनी विचारलं, "झालं?" रोल फिकट सोनेरी होऊ लागले होते. आग निळी, मीटर शांत. गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं.

मी सांगितलं. कारागीर दारातच उभा होता. माशगियाखने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ट्रे कुणी चढवायला सांगितले. मी म्हटलं, "मी." अंगठ्याचं काय, ते सांगत बसलो नाही.

ते म्हणाले, मग आग विझवतो आणि मी परत पेटवतो. मी घाईने सळईची चीर, 1.7 चा आकडा, सोमवारचा पार्ट, सगळं सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले: विझवल्यावर न पेटण्याची शक्यता किती, आणि रोल पूर्ण भाजले गेलेत का. माझ्या साहेबाने आजवर इतके नेमके प्रश्न विचारलेले नाहीत. मग त्यांनी एक रोल फोडून पाहिला. मध्ये अजून ओला. कोपऱ्यातल्या लाकडी पॅलेटची बोटभर ढलपी काढली, मला बाजूचं झाकण उघडायला लावलं आणि ती ज्योतीत टाकली.

"झालं," म्हणाले.

बर्नरमध्ये लाकूड! माझ्या हाताखालच्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला हाकललं असतं. त्यांनी समजावलं की अजून भाजणं बाकी आहे तोवर ज्यू माणसाने आगीत एवढी भर घातली तरी पुरतं. पूर्ण भाजून झाले असते तर वेगळी गोष्ट.

मला आजी आठवली. ग्रहणात ती दुधावर, पाण्यावर, लोणच्याच्या बरणीवर तुळशीचं पान ठेवायची. तेवढ्याने भागायचं. कॉलेजात असताना मी तिला त्यावरून फार छळलं होतं.

पहिली खला आत गेल्यावर त्यांनी विचारलं, तुला शब्बाथबद्दल एवढं कसं माहीत? मी अलिबागचा. म्हटलं, आमच्याकडे इस्त्राएल आळी आहे, सिनेगॉग आहे. तेलाचे घाणे चालवणारे ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी बोलतात. वाइनऐवजी मनुकांचं सरबत. एलियाहू नबीच्या नावाने मलिदा, पोहे-खोबरं-साखर आणि फळं. पोहे म्हणजे काय हे सांगण्यातच पाच मिनिटं गेली. "आणि त्यांच्या आडनावावरून गाव कळतं, पेणकर, रोहेकर," म्हटलं, तर ते म्हणाले, आमच्याकडेही तसंच, फक्त गावं पोलंडमधली.

निघताना मालकांनी गरम बाब्का, म्हणजे पिळदार गोड पाव, हातात दिला, चॉकलेटचा. पैसे घेतले नाहीत, पण बिलावर घासाघीस केली.

सोमवारी सळई बदलली, 4.2 मायक्रोअँप. बटण मालकांनी दाबलं. कारागीर दिसला नाही. विचारलं तर म्हणाले, त्याची पाळी आता दिवसाची केली आहे. रात्रपाळीला जास्त पैसे असतात, हे मला माहीत आहे. का बदलली, ते मी विचारलं नाही.

आमच्या रिपोर्टवर एक रकाना असतो: 'बर्नरमध्ये परकी वस्तू आढळली का?' तो अजून कोराच आहे.