ट्रिपांच्या हिशेबापासून हॉटेलच्या बिलापर्यंत: आमची वाटचाल

गोव्यात फोंड्याला आमची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे. २०११ साली सुरुवात केली ती खाणीच्या ट्रकमालकांसाठी. ट्रक कोणाचा, कुठल्या खाणीवरून कुठल्या जेटीवर गेला, किती टन, डिझेलचे किती कापायचे आणि महिन्याअखेरीला मालकाच्या हातात काय पडायचं, एवढा हिशेब आमचा प्रोग्रॅम करायचा. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी बंद झाल्या. ट्रकच दारात उभे, तर ट्रिपा कसल्या लिहिणार? मग आम्ही किनाऱ्याकडे वळलो. कळंगुट, कांदोळी, पाळोळे इथली गेस्ट हाउसं आणि मध्यम हॉटेलं. त्यांचं बुकिंग, बिलिंग, हाउसकीपिंग. आज आम्ही दहा-बारा जण आहोत. बरेचसे फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेले, एक डिझायनर बेळगावात, एक प्रोग्रॅमर पेडण्यात घरूनच काम करतो.

आमचे टेस्टर (प्रोग्रॅम चालवून चुका शोधणारे) भाऊ मात्र कॉलेजवाले नव्हेत. डिचोलीकडच्या एका खाणीवर ते ट्रिपांच्या चिठ्ठ्या जुळवायचे. खाणी मधे सुरू झाल्या, पण मार्च २०१८मध्ये पुन्हा थांबल्या तेव्हा ते आमच्याकडे आले. कोड त्यांना वाचता येत नाही. पण चिठ्ठी आणि रजिस्टर जुळत नसेल तर त्यांना रात्री झोप लागत नाही, आणि टेस्टरकडून मला तेवढंच हवं असतं.

हॉटेलांचं काम वाढलं तसा निरोपांचा गोंधळ वाढला. तोवर सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि एका एक्सेलच्या फायलीत चालायचं. हॉटेलवाला सपोर्टच्या मुलीला सांगायचा, ती प्रोग्रॅमरला, तोच हॉटेलवाला संध्याकाळी मला फोन करून वेगळंच सांगायचा. कोणाकडे कुठलं काम आहे हे विचारण्यातच सकाळ जायची. पहिल्यांदा ट्रेलो हे कामांचा बोर्ड ठेवायचं सॉफ्टवेअर घेतलं. बोर्डावर तीन रांगा, कार्ड इकडून तिकडे ओढायची. मुलांना आवडलं. अडचण अशी की जो बोर्डावर असेल तो कुठलंही कार्ड कुठेही ओढू शकायचा. प्रोग्रॅमरने ‘झालं’मध्ये टाकलेलं कार्ड भाऊ परत मागे आणायचे, तो पुन्हा पुढे ढकलायचा. त्यावरून दोघांची दोनदा चांगलीच जुंपली.

मग दुसरी सॉफ्टवेअरं बघितली. बहुतेकांचा दर माणशी दरमहा. आमच्या दहाजणांचं परवडलं असतं, पण आम्हाला हॉटेलवाल्यांनाही आत घ्यायचं होतं. प्रत्येक हॉटेलचा मॅनेजर, शिवाय मालक, कुठे कुठे त्यांचा सीए. माणसं मोजून पैसे देणं शक्यच नव्हतं. म्हणून रेडमाइन घेतलं. २००६पासूनचं, मुक्त स्रोताचं (ज्याचा कोड सगळ्यांना खुला), दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखं. फुकट असलं तरी सर्व्हर आपला, बॅकअप आपला, अपडेट आपल्यालाच करावे लागतात. कार्डं रांगांतून ओढायचा बोर्ड, म्हणजे कानबान बोर्डसुद्धा मूळच्या पॅकेजात येत नाही, त्यासाठी प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) लावावं लागतं. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी बाकीचं सोसावं: कुठल्या भूमिकेचा माणूस कुठल्या प्रकारचं काम कुठल्या टप्प्यावरून कुठल्या टप्प्यावर नेऊ शकतो, याचा तक्ता भरता येतो. उभ्या-आडव्या चौकटी, त्यात टिका मारायच्या. एकच माणूस एका प्रोजेक्टात प्रोग्रॅमर आणि दुसऱ्यात टेस्टर असू शकतो.

तो तक्ता भरायला आम्ही सगळे एका शनिवारी बसलो. कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा त्या बैठकीचा उपयोग जास्त झाला असं माझं मत आहे. प्रोग्रॅमर काम ‘तपासणीसाठी’पर्यंतच नेऊ शकतो. तिथून पुढे किंवा मागे फक्त भाऊ. काम बंद करायची टीक सपोर्टला, आणि तीही हॉटेलवाल्याने वापरून हो म्हटल्यावर. माझ्या भूमिकेला नवीन काम टाकता येतं, क्रम लावता येतो, पण ‘चालू’मध्ये काही ढकलता येत नाही. मी मालकीण असले तरी प्रोग्रॅमरच्या टेबलापाशी जाऊन “हे आधी कर रे” म्हणण्याची सोय मीच बंद करून घेतली. ॲडमिनचा पासवर्डही माझ्याकडे नाही.

स्क्रम ही छोट्या गटाने ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत काम करायची पद्धत. तिच्या पुस्तकाप्रमाणे मी प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कुठलं काम आधी ते ठरवणारी. स्क्रम मास्टर (पद्धत पाळली जाते का ते बघणारा) म्हणून वेगळा पगार द्यायची आमची ऐपत नाही, तेव्हा ते काम आमच्या हिशेबनीस बाई बघतात. पंधरा मिनिटांची सकाळची उभी बैठक त्या घड्याळ लावून घेतात आणि त्यांच्यासमोर थापा मारायची कोणाची छाती होत नाही. स्क्रमसारख्या पद्धतींमागचा जो विचार, त्या एजाइलचा जाहीरनामा २००१ साली अमेरिकेत युटा राज्यात १७ जणांनी मिळून लिहिला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अकराला “बिल निघत नाही” म्हणून फोन करणारा हॉटेलवाला त्यांच्यात नसावा. कारण दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे नेमून दिलेल्या कामांचा टप्पा, ठरवून त्यात मधे काही घुसू द्यायचं नाही, हे आमच्याकडे जून ते सप्टेंबरच शक्य होतं. पावसात खोल्या रिकाम्या, मालकांना बोलायला वेळ, तेव्हा नवीन मोड्यूल स्प्रिंटमध्ये. ऑक्टोबरपासून सीझन, मग स्प्रिंट गुंडाळून कानबान: येईल ते काम रांगेत, आणि एकाच्या हातात एका वेळी दोनच कामं. तिसरं घ्यायचं तर आधीचं एक सोडवायचं.

एक कार्ड जरा नीट सांगते. ३ सप्टेंबर २०२५ला जीएसटी कौन्सिलने हॉटेलच्या खोल्यांचा दर बदलला. दिवसाला ₹७,५०० किंवा कमी भाड्याच्या खोलीवर १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के, इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नाही, आणि अंमल २२ सप्टेंबरपासून. चवथीचे, म्हणजे गणपतीचे दिवस. निम्मं ऑफिस सुट्टीवर, कोणी माटोळी (गणपतीवरचं फळा-फुलांचं छत) सोडवण्यात, कोणी गावात आरत्यांना. पण बोर्ड वेबवर असल्यामुळे कार्ड मी घरून टाकलं, पेडण्याच्या मुलाने फोनवर वाचून त्याच रात्री प्रश्न लिहिला: “दर तारखेवर बदलू, पण कुठल्या तारखेवर?” प्रश्न बरोबर होता. ऑगस्टमध्ये ॲडव्हान्स घेतलाय, पाहुणा राहणार ऑक्टोबरात, बिल निघणार तेव्हाच. एका हॉटेलच्या सीएंना आम्ही त्या कार्डावर आत घेतलं. त्यांनी लिहिलं की राहण्याची, बिलाची आणि पैसे मिळाल्याची अशा तीन तारखा बघा, त्यातल्या दोन २२ सप्टेंबरच्या ज्या बाजूला पडतील तो दर. म्हणजे वरच्या पाहुण्याला नवा दर. पण बिलही आधीच काढलं असेल तर जुना. भाऊंनी वहीत आठ रकाने आखले, तीन तारखांच्या जुन्या-नव्या आठही जोड्या मांडल्या आणि प्रत्येकीचं बिल काढून बघितलं. एका जोडीत चुकीचा दर येत होता. कार्ड मागे गेलं, कुरबूर न होता, कारण मागे न्यायची टीक त्यांचीच होती. २२ तारखेला सकाळी फोन आले ते फक्त दर बदललाय का एवढं विचारायला.

हॉटेलवाल्यांना आम्ही फक्त त्यांचंच प्रोजेक्ट दाखवतो. आमच्या आपापसातल्या नोंदी खाजगी ठेवता येतात, त्या त्यांना दिसत नाहीत, आणि दिसू नयेत हेच बरं. तरी अर्धे लोक आत बघत नाहीत. “बाय, आमचें काम केन्ना जातलें?” (बाई, आमचं काम कधी होणार?) हा फोन येतोच. पूर्वी मी “बघते” म्हणायचे, आता सपोर्टची मुलगी फोनवरच कुठे अडकलंय ते वाचून दाखवते. बोर्डावर माझी स्वतःची नजर असते ती एकाच यादीवर: तीन दिवसांत ज्या कार्डाला कोणी हात लावला नाही ती. बर्नडाउनचे, म्हणजे किती काम उरलं ते दाखवणारे आलेख मुलं काढतात, मला त्यातून फारसं काही कळलेलं नाही.

सध्या वाद चालू आहे तो प्राधान्याच्या रकान्यावर, म्हणजे कुठलं काम किती तातडीचं ते कोणी लिहायचं यावर. दोन-तीन मोठी हॉटेलं म्हणतात, आमच्या कामाचा क्रम आम्हाला लावू द्या. रेडमाइनमध्ये तो रकाना त्यांच्या भूमिकेला उघडता येतो. सपोर्टची मुलगी म्हणते उघडा, फोन कमी होतील. भाऊ म्हणतात, उघडलं की दुसऱ्या दिवशी सगळी कार्डं ‘तातडीचं’ होतील. हिशेबनीस बाईंनी तोडगा काढलाय: पावसात एका हॉटेलला महिनाभर उघडून बघायचं, सीझनला हात लावायचा नाही. हॉटेल कुठलं ते अजून ठरलेलं नाही.