बोर्नियोच्या पाचोळ्यातला डॅरेस

काडी किडा म्हटलं की सगळ्यांना लांबलचक काडीच आठवते, नेटवर फिरणारे फोटो पण सगळे महाकाय जातींचेच, चीनमधला तो ६० सेंटीमीटरच्या वर गेलेला वगैरे. लांबीचं कौतुक आहेच ओ, पण मला सध्या येड लावलंय ते डॅरेस नावाच्या प्रजातीनं. हे किडे आग्नेय आशियातल्या बोर्नियो बेटावरच्या जंगलातले, मादी साधारण चार-पाच सेंटीमीटर, नर तिच्याहून लहान, अन झाडाच्या शेंड्यावर वगैरे कुठं नाही, जमिनीवर पाचोळ्यात नाहीतर अगदी खालच्या झुडपांवर राहतात.

१८७५ मध्ये स्टाल नावाच्या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञानं ही प्रजाती मांडली. त्यानंतर बरीच वर्षं जमिनीवरच्या या बारक्या किड्यांकडं फार कुणी बघितलं नाही असं मला वाटतं, कारण १९९८ मध्ये काडी किड्यांचे अभ्यासक फिल ब्रॅग यांनी बोर्नियोतल्या या घराण्याचा नीट आढावा घेतला तर त्यात एकदम १० नव्या जाती निघाल्या. दहा! म्हणजे एवढी वर्षं ते तिथंच होते, लोकांच्या पायाखाली.

दिसायला म्हणाल तर काडीसारखा अजिबात नाही. आखूड, जाडसर, खडबडीत अंग, डोक्यावर अन छातीवर काटे, रंग तपकिरी, वाळक्या बाभळीच्या सालीचा तुकडा पडलाय असंच वाटावं. नराला नाही अन मादीलाही नाही, पंख कुणालाच नाहीत. भाच्याला फोटो दाखवला तर तो म्हणाला, "मामा, ह्याला पंखच नाहीत, मग ह्यो पळतो कसा?" मी म्हटलं, "पळतच नाही रे, पडून राहतो." आणि खरंच तसंच आहे, धक्का लागला की पाय अंगाला चिकटवून निपचित पडायचं, मेल्यासारखं, अन समोरचा जाईपर्यंत हलायचंच नाही. दिवसभर लपून, सगळा कारभार रात्री. मला ह्यातलं हे न हलणंच सगळ्यात भारी वाटतं, रंग अन काटे कितीबी असू द्या, जरा चुळबुळ केली की पक्षी उचलणारच.

अंडी पण झाडावर नाही, खाली जमिनीवरच, मातीत, अन ती फुटायला कित्येक महिने जातात. म्हणजे जन्म पाचोळ्यात, जगणं पाचोळ्यात, आणि पंख नसल्यामुळं उठून दुसरीकडं जाणं पण नाही. वरून ओल पण पाहिजे, हवा कोरडी पडली की कात टाकताना पिल्लू जुन्या कातीतच अडकून मरतं. तिकडं बोर्नियोवरच्या सारावाक राज्यातल्या कुचिंग शहरात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या सोलापूर जिल्ह्यात ५००-६०० झाला तरी लोक म्हणतात यंदा बरा झाला. त्यामुळं डॅरेस इथं सापडेल ही आशाच नको.

पण आपला त्याच्याशी काही संबंध नाही असं म्हणता येत नाही. बोर्नियोतली सखल भागातली जंगलं पाम तेलाच्या मळ्यांसाठी तोडली गेलीत, प्रचंड तोडली गेलीत, आणि जगात सगळ्यात जास्त पाम तेल बाहेरून मागवणारा देश आपलाच. फरसाण, बिस्किट, हॉटेलातली भजी, सगळ्यात ते आहे. हत्ती-ओरांगउटान निदान बातमीत तरी येतात, पाचोळ्यातला हा जीव जंगल गेलं की पाचोळ्यासकट जातो अन कुणाला कळत पण नाही. ह्याचं मला फार वाईट वाटतं.

काडी किडे आपल्याकडं नाहीतच असं मात्र समजू नका. जगभरच्या लॅबमध्ये जो पाळतात तो मूळचा तमिळनाडूतला, माद्या नराशिवायच अंडी घालतात अन पिल्लं निघतात. आणि गवतातले काडी किडे पावसाळ्यात आपल्या इथंही दिसतात, आपण नाकतोडा समजून सोडून देतो एवढंच. मागच्या श्रावणात विजापूर रोडच्या पुढं एका माळावर कुसळीच्या गवतात एक बघायला मिळाला, पुढचे दोन पाय डोक्याच्या पुढं सरळ एका रेषेत ताणलेले, आणि त्या पायांना बुडाशी बारीक बाक, त्या बाकात डोकं बरोबर बसलेलं, त्यामुळं डोकं कुठं संपतं अन पाय कुठं सुरू होतो ते कळतच नव्हतं. वारा आला की गवताबरोबर तो पण डुलायचा, वारा थांबला की ह्यो पण थांबला.

म्हणून एक कळकळीची विनंती. आमच्या भागात सकाळी लिंबाचा पाला गोळा करून पेटवतात, धुराचा त्रास तर आहेच, पण त्यात किती किडे, कोळी, अंडी जात असतील ह्याचा कुणी विचारच करत नाही. झाडाच्या बुडाशी तेवढा पाला राहू द्या की, सडून खत होतंय. यंदा पाऊस पडला की मी अन भाचा रात्री टॉर्च घेऊन त्याच माळावर जाणार आहोत, पाना-गवतावर कोण कोण बसलंय ते बघायला. तुम्हाला अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा, कुठंबी काडी किडा दिसला तर कुठल्या झाडावर नाहीतर गवतावर होता अन कुठल्या महिन्यात, तेवढं नक्की लिहून ठेवा आणि मला कळवा.